बेथोव्हनची साथविरहित द्वंद्वगीते व कॅनन

लूटव्हिख व्हान बेथोव्हन (१७७०–१८२७) या विख्यात जर्मन संगीतरचनाकाराने वाद्यांच्या साथीशिवाय, केवळ मानवी आवाजांसाठी रचलेल्या लहान कृती. त्यांचे दोन स्पष्ट वर्ग पडतात : पहिला, इटालियन काव्यावर रचलेली दोन, तीन व चार आवाजांची गीते, आणि दुसरा, ‘कॅनन’ या अनुकरणप्रधान प्रकारातील सु. चाळीस रचना. पहिल्या वर्गातील बहुतेक कृती १८०१–०३ या काळातील असून त्या अभ्यासासाठी लिहिलेल्या आहेत. दुसऱ्या वर्गातील कृती सु. १७९५ पासून मृत्यूपूर्वीच्या काही महिन्यांपर्यंत अधूनमधून लिहिल्या गेल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य मित्रांना पाठविलेल्या पत्रांत, पाहुण्यांच्या स्वाक्षरीवह्यांत किंवा टिपणवह्यांत आढळतात. दोन्ही वर्गांतील एकही रचना बेथोव्हनने ओपस क्रमांक देऊन प्रसिद्ध केली नाही. सार्वजनिक मैफलीसाठी न लिहिलेल्या या संगीताचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा त्यांच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न होय.

या रचनांच्या बाबतीत ‘पुनःशोध’ हा शब्द जपून वापरावा लागतो. त्यांची हस्तलिखिते हरवलेली नव्हती. पुष्कळशी ग्रंथालयांत सुरक्षित होती आणि संशोधकांना त्यांची माहितीही होती. गुस्टाफ नॉटेबोम याने १८७३ मध्ये बेथोव्हनच्या शिक्षणकाळाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात इटालियन गीतांचा व त्यांवरील दुरुस्त्यांचा विचार केलेला आहे. तथापि ब्राइटकॉफ अँड हर्टेल या प्रकाशनसंस्थेने १८६२–६५ मध्ये काढलेल्या व १८८८ मध्ये पुरवणी जोडलेल्या ‘समग्र’ आवृत्तीत काही कॅनन समाविष्ट झाले, तरी इटालियन गीतांचा संच बाहेरच राहिला. विद्यार्थ्याच्या वहीतील पाठ आणि मित्रमंडळींतील थट्टा यांना समग्र कृतींत स्थान नाही, अशी एकोणिसाव्या शतकातील संपादकांची धारणा होती. स्विस संशोधक व्हिली हेस (१९०६–९७) याने ही उणीव भरून काढली. समग्र आवृत्तीत न आलेल्या कृतींची सूची त्याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९५९–७१ या काळात चौदा पुरवणी-खंड संपादित केले. त्यांतील पहिलाच खंड साथविरहित इटालियन गीतांचा आहे. म्हणजे या कृती विस्मृतीतून नव्हे, तर उपेक्षेतून बाहेर आल्या.

इटालियन गीते : बेथोव्हन नोव्हेंबर १७९२ मध्ये व्हिएन्ना येथे आला. तेथे त्याने प्रथम योझेफ हायडनकडे व नंतर योहान गेओर्ग आल्ब्रेख्ट्‌सबेर्गरकडे (१७३६–१८०९) काउंटरपॉइंटचे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वतंत्र स्वरावलींच्या मांडणीचे, पद्धतशीर शिक्षण घेतले. अंतोन्यो साल्येरी (१७५०–१८२५) हा त्याचा तिसरा महत्त्वाचा गुरू. साल्येरी दरबारी संगीताचा प्रमुख व ऑपेरांचा यशस्वी रचनाकार होता. इटालियन शब्दांना स्वर कसे द्यावेत, हा त्याच्याकडील अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी प्येत्रो मेतास्तास्यो (१६९८–१७८२) या कवीच्या ऑपेरासंहितांतील व लघुकाव्यांतील कडवी निवडली जात. फ्रान्ट्‌स शूबर्टनेही पुढे साल्येरीच्या हाताखाली याच कवीच्या शब्दांवर अशाच प्रकारचे पाठ गिरविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साल्येरीकडे हे पाठ लिहिणारा बेथोव्हन नवशिका नव्हता. त्याची पहिली सिम्फनी १८०० मध्ये सादर झाली होती व ‘मूनलाइट’ या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेला पियानो सोनाटा १८०१ मधील आहे. तिशी ओलांडलेला, राजधानीत नावाजलेला हा कलावंत दुसऱ्याच्या लाल रेघा निमूटपणे स्वीकारीत होता. साल्येरीच्या दुरुस्त्या मुख्यत्वे शब्दोच्चाराशी निगडित आहेत : आघात कोणत्या अक्षरावर पडावा, शेजारशेजारचे दोन स्वर बोलण्यात जुळून येतात तेव्हा त्यांना एक सूर द्यावा की दोन, वाक्य कोठे थांबावे इत्यादी. ज्या रचनाकाराविषयी ‘त्याला कंठासाठी लिहिता येत नव्हते’ असा आक्षेप वारंवार घेतला जातो, त्याने याच अंगाकडे इतक्या उशिरा आणि इतक्या निष्ठेने लक्ष पुरविले, ही बाब त्या आक्षेपाचा पुनर्विचार करावयास लावते.

हा संच, पाठभेद धरून, सु. दोन डझन रचनांचा असून सूचींमध्ये तो ‘ओपस क्रमांकाविना’ या वर्गात ९९ व्या क्रमांकाखाली एकत्र केलेला आहे. रचना आकाराने अगदी लहान आहेत. ‘स्क्रीव्हो इन ते’ या द्वंद्वगीतात प्रियेचे नाव वृक्षावर कोरणारा प्रेमिक आहे. ‘जा ला नोत्ते’ मध्ये सागरतीरावरील सायंकाळचे आमंत्रण आहे. तर ‘जुरा इल नोक्येर’ मध्ये वादळात आणभाका घेणारा नावाडी आहे. विषय संकेतबद्ध असून अठराव्या शतकातील श्रोत्यांच्या कानांवरून ते शेकडो वेळा गेलेले होते. पण त्यामुळेच या गीतांत रचनाकाराचे कौशल्य नितळपणे दिसते. दोनच आवाज असले आणि खाली वाद्यांचा आधार नसला, की स्वरसंवादातील प्रत्येक पोकळी उघडी पडते. तेथे एका आवाजाला दुसऱ्याचा पाया व्हावे लागते आणि पुढच्याच क्षणी तो पाया सोडून स्वतः गाणेही म्हणावे लागते.

‘फ्रा तुत्ते ले पेने’ या गीताचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. मेतास्तास्योच्या ‘झेनोब्या’ या संहितेतील हे कडवे बेथोव्हनने दोन, तीन व चार अशा तिन्ही प्रकारच्या आवाजसंख्येसाठी स्वतंत्रपणे रचले. प्रिय व्यक्ती जवळ असूनही मनातील गोष्ट तिला सांगता येत नाही, हे त्या कडव्याचे आशयसूत्र. द्वंद्वगीतात हे सूत्र दोघांतील कुजबुजीसारखे राहते. आवाज वाढले की तेच दुःख एका व्यक्तीचे न उरता समूहाचे होते. एकाच मजकुराकडे तीनदा वळण्यामागे अर्थातच अभ्यासाची शिस्त आहे. परंतु एकच कल्पना निरनिराळ्या घडणीत तपासून पाहण्याची जी वृत्ती बेथोव्हनच्या पुढील टिपणवह्यांतून पानोपानी आढळते, तिचेच हे छोटे रूप होय.

याच सुमारास, २९ जून १८०१ रोजी, फ्रान्ट्‌स व्हेगेलर या बालमित्राला लिहिलेल्या पत्रात बेथोव्हनने आपल्या वाढत्या बहिरेपणाची कबुली दिली. आपली ही अवस्था लोकांना सांगणे अशक्य असल्यामुळे आपण त्यांच्यात मिसळणे टाळतो, असे त्याने कळविले. ऑक्टोबर १८०२ मधील हायलिगेनश्टाट येथील मृत्युपत्रवजा लेखही याच काळातला. त्यामुळे ‘सांगता न येणारे दुःख’ या आशयाच्या गीतात त्याचे आत्मचरित्र शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पाठासाठी मजकूर निवडण्याची रीत ठराविक होती आणि मेतास्तास्योच्या नायक-नायिकांना असली दुःखे पदोपदी होत असतात. या गीतांचे महत्त्व ती बेथोव्हनचे मन उघडे करतात यात नसून, ती त्याचा हात कसा घडत होता ते दाखवितात यात आहे. त्या हाताने पुढे ‘नेई जोर्नी तुओई फेलीची’ हे वाद्यवृंदासहित द्वंद्वगीत (१८०२–०३) लिहिले आणि त्यानंतर ‘फिडेलिओ’ हा ऑपेरा हाती घेतला.

कॅनन : या प्रकारात एक आवाज स्वरावली सुरू करतो आणि ठराविक अंतराने दुसरा, तिसरा, चौथा आवाज तीच स्वरावली घेऊन प्रवेश करतो. पहिला आवाज थांबत नाही. म्हणून स्वरावलीचा प्रत्येक भाग तिच्याच दुसऱ्या भागाशी जुळावा लागतो. भारतीय संगीतातील जुगलबंदीत एका कलावंताच्या फिरतीला दुसरा मागाहून उत्तर देतो, त्याहून ही रीत मूलतः वेगळी आहे. येथे उत्तर प्रश्न संपण्यापूर्वीच सुरू होते आणि दोन्ही मिळून एक अर्थ तयार होतो. शेवटाकडून पुन्हा आरंभाकडे वळणारा कॅनन गायकांना वाटेल तितका वेळ फिरवत ठेवता येतो. काही कॅनन कूटस्वरूपाचे असतात; त्यांत एकच ओळ लिहिलेली असून इतर आवाजांनी कोठे व कोणत्या सुरावर प्रवेश करावयाचा, हे वाचणाऱ्याने शोधावयाचे असते.

अठराव्या शतकातील व्हिएन्नात कॅनन हे विद्वत्तेचे लक्षण होते, तसेच करमणुकीचे साधनही होते. हायडनने बायबलमधील दहा आज्ञांवर कॅनन रचले आणि उतारवयात आपले कॅनन चौकटीत बसवून खोलीच्या भिंतींवर लावले. मोट्सार्टने २ सप्टेंबर १७८८ या एकाच तारखेखाली आपल्या सूचीत दहा कॅननची नोंद केली; त्यांत धार्मिक शब्दांचे कॅनन आहेत आणि सभ्य मंडळींत उच्चारता न येणारे ग्राम्य विनोदही आहेत. साल्येरी स्वतः हौसेने कॅनन रचीत असे. बेथोव्हनला ही परंपरा तयार मिळाली. मात्र त्याने तिला जे वळण दिले, ते अधिक खाजगी आहे.

त्याच्या कॅननचे प्रसंगानुसार तीन गट करता येतात. पहिला गट निरोपाचा व आठवणीचा आहे. व्हिएन्ना सोडून जाणाऱ्या लूटव्हिख श्पोर या व्हायोलिनवादकाच्या वहीत बेथोव्हनने मार्च १८१५ मध्ये शिलरच्या एका नाट्यवचनावर तीन आवाजांचा कॅनन लिहिला. इंग्लंडला परतणाऱ्या चार्ल्स नीट या पियानोवादकाला १८१६ च्या आरंभी हेर्डरच्या वचनांवरील कॅनन दिले, त्यांपैकी मौनाची थोरवी सांगणारा कॅनन कूटस्वरूपाचा आहे. दुसरा गट शब्दखेळाचा. डॅनिश रचनाकार फ्रीड्रिख कूलाऊ १८२५ मध्ये बाडेन येथे भेटीला आला असता त्याच्या नावातील ‘थंड’ आणि ‘कोमट’ या अर्थांच्या जर्मन शब्दांवर कोटी करणारा कॅनन बेथोव्हनने दुसऱ्या दिवशी धाडला. जर्मन स्वरनामांतून बाख हे आडनाव जुळविणारे चार सूर त्याच्या मुळाशी आहेत. काउंट मोरिट्‌स लिख्नोव्ह्‌स्की या मित्राला तर त्याने १८२३ मध्ये यमक साधून चक्क मेंढरू ठरविले. तिसरा गट पत्रोत्तरांचा. प्रकाशक टोबियास हास्लिंगर याला सप्टेंबर १८२१ मध्ये लिहिलेल्या पत्रात बेथोव्हन सांगतो, की घोडागाडीत डुलकी लागली असता आपण स्वप्नात सिरिया, हिंदुस्थान, अरबस्तान असा प्रवास करून थेट जेरूसलेम गाठले आणि तेथे टोबियासच्या नावाचा एक कॅनन सुचला. जागे होताच तो विसरला, पण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत पुन्हा आठवला. तो कॅनन त्याने पत्रातच लिहून पाठविला.

यांपैकी अनेक कॅनन काही मापांचेच आहेत आणि केवळ संगीत म्हणून पाहिल्यास त्यांत फारसे काही हाती लागत नाही. पण ते कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले, हे पाहिल्यावर त्यांचा अर्थ बदलतो. बहुसंख्य कॅनन १८१३ नंतरचे आहेत. १८१८ पासून भेटीला येणाऱ्यांना आपले म्हणणे वहीत लिहून दाखवावे लागे. या संभाषणवह्यांपैकी शंभराहून अधिक आज उपलब्ध आहेत. बेथोव्हन बहुधा तोंडी उत्तर देई. त्यामुळे वह्यांत संभाषणाची प्रायः एकच बाजू उरली आहे. त्याच्या बोलण्यातील फटकळपणा, कोट्या, लोभ आणि राग यांचा जो भाग कागदावर टिकला, त्यात पत्रांच्या जोडीने कॅननचा वाटा मोठा आहे. समोरच्याचे बोलणे ज्याला ऐकू येत नव्हते, त्याने अनेकांनी एकत्र बोलण्याचाच आकार असलेली रचना मित्रांना पाठवावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पाठविलेला कॅनन एकट्याला पुरा करता येत नाही. तो गाण्यासाठी आणखी दोघातिघांना जमवावे लागते. म्हणजे ज्या मेळाव्यात आपण सहज वावरू शकत नाही, तो मेळावा घडवून आणण्याचे निमित्त बेथोव्हन कागदावर लिहून देत होता.

मोठ्या कृतींशी संबंध : काही कॅनन मोठ्या कृतींच्या शेजारी उभे राहतात. १८२५ च्या वसंत ऋतूतील गंभीर दुखण्यातून उठल्यावर बेथोव्हनने डॉक्टर आंटोन ब्राउनहोफर याला मृत्यूसाठी दार बंद करण्याविषयीचा विनोदी कॅनन लिहून दिला. याच आजारातून बरे झाल्याची कृतज्ञता ओपस १३२ या स्ट्रिंग क्वार्टेटच्या धीरगंभीर मध्यभागात व्यक्त झाली आहे. एकाच अनुभवाची ही दोन टोके आहेत. त्यांपैकी एकच जाणणाऱ्याला बेथोव्हन अर्धाच कळतो.

१८२६ मधील ‘एस मुस झाइन’ हा कॅनन याहून प्रसिद्ध आहे. इग्नाट्‌स डेम्बशर या धनिकाला आपल्या घरी नवा क्वार्टेट वाजवून घ्यावयाचा होता. परंतु त्याच्या पहिल्या सार्वजनिक वादनाच्या वेळी तो वर्गणी भरून आला नव्हता. इग्नाट्‌स शुपान्ट्‌सिख या वादकाला पन्नास फ्लोरिन द्यावेत, असा निरोप बेथोव्हनने पाठविला. ‘द्यायलाच हवेत का ?’ या आशयाच्या डेम्बशरच्या हसऱ्या प्रश्नावर ‘द्यायलाच हवेत’ असे ठणकावणारा कॅनन जन्माला आला. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या ओपस १३५ या अखेरच्या क्वार्टेटच्या अंतिम भागात हेच प्रश्नोत्तर बीजरूपाने येते. त्या भागाला नियतीविषयीचे तत्त्वचिंतन मानणारे भाष्यकार आणि ती निव्वळ थट्टा मानणारे भाष्यकार, असे दोन पक्ष आहेत. कॅनन समोर ठेवला म्हणजे ही विभागणी निरर्थक वाटू लागते. पैशाच्या तगाद्यातून निघालेले सूर गंभीर होऊ शकतात आणि गंभीर झाल्यावरही त्यांतील हसू मावळत नाही.

तथापि कॅननच्या अभ्यासाचे सर्वांत पक्व फळ यापूर्वीच, ‘फिडेलिओ’ मध्ये (पहिला प्रयोग १८०५, अंतिम रूप १८१४), दिसले होते. पहिल्या अंकातील ‘मीर इस्ट झो वुंडरबार’ हे चौघांचे गीत कॅननच्या रूपात आहे. प्रेमात पडलेली मार्त्सेलीन, पुरुषवेषातील भयभीत लेओनोर, समाधानी रोको आणि मत्सराने जळणारा याक्वीनो एकामागून एक तीच स्वरावली गातात. चौघांच्या मनांतील भाव परस्परविरोधी असून कोणाचेही म्हणणे दुसऱ्याच्या कानी जात नाही. श्रोत्याला मात्र चौघेही ऐकू येतात. वाद्यवृंदाची साथ असल्याने हे गीत प्रस्तुत वर्गात मोडत नाही. परंतु साथीविना लिहिलेल्या पाठांमधून आवाजांना एकमेकांवर उभे करण्याची जी सवय लागली, तिच्याविना ते कल्पिता येत नाही.

अस्सलपणाचा प्रश्न : खाजगी कागदांवर विखुरलेल्या रचनांना बनावटीचा धोका अधिक असतो. मेल्त्सेल या मेट्रोनोमच्या निर्मात्याला उद्देशून लिहिलेला, ‘टा टा टा’ अशा शब्दांनी सुरू होणारा कॅनन दीर्घकाळ बेथोव्हनचा मानला जात होता. आठव्या सिम्फनीतील (१८१२) एका भागाशी त्याचे साम्य असल्यामुळे त्या भागाची कल्पना यंत्राच्या टिकटिकीतून सुचली, अशी कथा रूढ झाली. हा कॅनन आंटोन शिंडलर (१७९५–१८६४) या चरित्रकाराने उजेडात आणला होता. संभाषणवह्यांत शिंडलरने बेथोव्हनच्या मृत्यूनंतर अनेक नोंदी घुसडल्या, हे १९७० नंतरच्या दशकात जर्मन संशोधकांनी सिद्ध केले आणि त्या प्रकाशात हा कॅननही त्याचीच बनावट कृती असल्याचे मान्य झाले. सिम्फनीवरून कॅनन रचला गेला होता; कॅननवरून सिम्फनी नव्हे. लहान रचनेवर मोठ्या कृतीच्या अर्थाचा डोलारा उभारताना किती सावधगिरी हवी, याचा हा धडा होय.

गायन व मूल्यमापन : बेथोव्हनच्या जन्माच्या २५० व्या वर्षाच्या निमित्ताने, २०२० च्या सुमारास, त्याच्या समग्र संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचे संच निघाले आणि त्यांत या रचनाही सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या. ही सोय स्वागतार्ह असली, तरी तिच्यामुळे एक विपर्यासही होतो. कोणा एका मित्रासाठी, कोणा एका संध्याकाळी लिहिलेले अर्ध्या मिनिटाचे तीस-चाळीस कॅनन ओळीने ऐकले, की ते निःसत्त्व वाटतात. पाहुण्यांच्या वहीतील अभिप्राय सलग वाचण्यासारखेच ते आहे. मोठ्या वृंदाने ते गाइले, तर शब्दांतील कोटी हरवते. प्रत्येक भागाला एकच आवाज, शब्दांचा स्पष्ट उच्चार आणि पुरेशी आवर्तने एवढ्याच गोष्टी या संगीताला पुरतात. इटालियन द्वंद्वगीतांना मात्र तयारीचे गायक लागतात, कारण साल्येरीने दुरुस्त केलेला प्रत्येक आघात तेथे ऐकू यावा लागतो.

या सर्व रचना श्रेष्ठ आहेत, असा दावा त्यांच्या पुरस्कर्त्यांनी करू नये. नव्याने समोर आलेली प्रत्येक ओळ थोर ठरविणे ही थोर रचनाकाराची पूजा झाली, समीक्षा नव्हे. ‘फ्रा तुत्ते ले पेने’ सारखी काही इटालियन गीते आणि श्पोर, नीट व कूलाऊ यांच्यासाठी लिहिलेले कॅनन स्वतःच्या बळावर मैफलीत उभे राहतील. उरलेल्यांचे मूल्य वेगळ्या प्रकारचे आहे. जुन्या संपादकांनी त्यांना वगळले, तेव्हा एकाकी, उग्र आणि नियतीशी झुंजणाऱ्या बेथोव्हनची प्रतिमा अबाधित राहिली. पण गुरूपुढे वही धरणारा आणि मित्रांना चिमटे काढणारा माणूस तिच्यातून निसटला. डिसेंबर १८२६ मध्ये, मृत्यूच्या तीन-चार महिने आधी, त्याने कार्ल होल्ट्‌स या तरुण स्नेह्याला दोन आवाजांचा एक छोटा कूट-कॅनन पाठविला. त्याचा विषय माणसामाणसाच्या चुकण्यातील वेगळेपणा हा आहे. नवव्या सिम्फनीच्या रचनाकाराचे हे जवळजवळ अखेरचे लेखन आहे. ते कोणत्याही सभागृहासाठी नव्हते. उत्तर शोधून सोबत गाणाऱ्या एका ओळखीच्या माणसासाठी होते. या संपूर्ण संचाची योग्यता याच संदर्भात जोखली पाहिजे.